स्वोर्डफिश 1:72, टप्पा तिसरा : गनरला सुट्टी

मंडळी, तीन आठवड्यांनी स्वोर्डफिशचा डबा पुन्हा टेबलावर आला. (नव्यांसाठी : स्वोर्डफिश म्हणजे दुसऱ्या महायुद्धातलं ब्रिटिश नौदलाचं दुपंखी विमान, आणि मी त्याचं प्लास्टिकचं मॉडेल करतोय, खऱ्याच्या बहात्तराव्या हिश्शाचं.) पावसाळ्यात एअरब्रशला हात लावायचा नाही, हे गेल्या वर्षी दमट हवेत रंगवून एका स्पिटफायर विमानाचं मॉडेल पांढुरकं करून घेतल्यावर कळलं. त्यामुळे जुलै सगळा कापाकापी आणि चिकटवण्यात गेला.

मला कुठलंही स्वोर्डफिश करायचं नाहीये. 11 नोव्हेंबर 1940 च्या रात्री 'इलस्ट्रियस' या ब्रिटिश विमानवाहू जहाजावरून इटलीच्या आरमारावर हल्ला करायला तारांतोच्या बंदरावर गेलेलं, एल 4 ए अशी अक्षरं असलेलं विमान हवंय, पहिल्या तुकडीचा म्होरक्या विल्यमसन याचं. त्या रात्री गेलेली विमानं 21, पहिल्या तुकडीत 12 आणि दुसरीत 9. त्यांतल्या फक्त 11 विमानांच्या पोटाखाली टॉर्पेडो (पाण्यातून जाऊन जहाजावर आदळणारं अस्त्र) होता, बाकीच्यांकडे बॉम्ब आणि उजेड पाडणारे फ्लेअर.

किटमध्ये माणसं तीन दिलीत : वैमानिक, ऑब्झर्व्हर (वाट दाखवणारा), गनर (मागची बंदूक चालवणारा). सूचनापत्र म्हणतं तिघांनाही बसवा. पण टॉर्पेडोवाली विमानं त्या रात्री दोघांनीच नेली. पल्ला लांबचा, म्हणून जादा पेट्रोलची टाकी मधल्या कॉकपिटमध्ये, ऑब्झर्व्हरच्या जागी बसवली. ऑब्झर्व्हर सरकला मागे, आणि गनर राहिला जहाजावर. (हल्ला खरं तर 21 ऑक्टोबरला, ट्रफाल्गरच्या (ब्रिटिश नौदलाच्या जुन्या विजयाच्या) दिवशी व्हायचा होता. याच टाक्या बसवताना हँगरमध्ये आग लागली आणि बेत पुढे गेला.) तेव्हा माझा गनर स्पेअरच्या डबीत. टाकी प्लास्टिक शीटची केली, तीनदा. पहिली इतकी फुगीर झाली की वरून पाहिल्यावर गॅस सिलिंडर ठेवल्यासारखा वाटत होता.

या टप्प्यातलं सगळ्यात आवडतं काम मात्र नाकाखालचं रीळ. तारांतोचं बंदर उथळ, सुमारे 12 मीटर. वरून सोडलेला टॉर्पेडो नाकावर पडला की आधी खोल बुडी मारतो, म्हणजे इथे सरळ चिखलात. उपाय साधा होता. विमानाच्या नाकाखाली तारेचं रीळ, तारेचं टोक टॉर्पेडोच्या नाकाला. टॉर्पेडो सुटला की तार ताणली जाते, त्याचं नाक वर ओढलं जातं आणि तो पोटावर आपटतो. पोहायला शिकणारं पोर विहिरीत उडी मारतं ना, तसा! किटमध्ये रीळ नाही. स्प्रूचा (किटचे भाग ज्या प्लास्टिकच्या चौकटीला जोडलेले येतात तिचा) 2 मिलिमीटरचा तुकडा घेतला, त्यावर जुन्या इअरफोनमधली तांब्याची तार गुंडाळली. भिंगाखाली बरं दिसतंय.

रंगाचं अजून लांब आहे, पण बाटल्या काढून ठेवल्यात. वरचा पंख गडद करडा आणि गडद हिरवट करडा, खालचा पंख त्याच जोडीच्या एकेक पायरी फिक्या छटांत. वरच्या पंखाची सावली खालच्यावर पडते, ती हिशेबात धरून ही योजना. दोन्ही पंख एकाच बाटलीतून रंगवलेली मॉडेलं प्रदर्शनात बरीच दिसतात, आणि ती काहीतरी चुकल्यासारखी का वाटतात ते यात आहे. किटच्या डेकलमध्ये (मॉडेलवर चिकटवायच्या छापील खुणांत) एल 4 ए नाही, त्यामुळे दुसऱ्या डेकलच्या कागदावरची अक्षरं सुटी कापून जोडावी लागतील.

रिगिंगला, म्हणजे दोन पंखांमधल्या ताणलेल्या तारांना, घाबरून काहीजण बायप्लेन (दुपंखी विमान) घेतच नाहीत. मी चिकटवण्याआधीच 0.3 मिलिमीटरच्या ड्रिलने भोकं पाडून घेतली. दोरा शिलाईच्या सामानाच्या दुकानातला, पारदर्शक नायलॉनचा, दहा रुपयांत जन्मभर पुरेल. आणि हो, या विमानाचं 'स्ट्रिंगबॅग' हे टोपणनाव या तारांवरून पडलेलं नाही. बाजारच्या जाळीच्या पिशवीत काहीही कोंबता येतं ना, तसं यातही काहीही लादता यायचं, म्हणून पडलं.

विल्यमसनचा टॉर्पेडो 'काँते दी कावूर'ला लागला. ती युद्धनौका पुन्हा कधी कामगिरीवर गेली नाही. विमानही तिथेच पाडलं गेलं. विल्यमसन आणि ऑब्झर्व्हर स्कारलेट दोघं वाचले, पण कैदी झाले.

सध्या वरचा पंख मुलीच्या लेगोच्या ठोकळ्यांवर टेकवून सुकतोय. शनिवारपर्यंत ठोकळे परत देण्याच्या बोलीवर मिळालेत.