तुम्ही विचारलंत म्हणून: एकटं राहून कंटाळा येत नाही का?

येतो की. पण तो माझा मला चालतो. घोळक्यात बसून जो कंटाळा येतो ना तो जास्त जड जातो, कारण तो चेहऱ्यावर दिसू द्यायचा नसतो, मधेमधे हसायचं असतं आणि निघायला कारण शोधायचं असतं.

हे सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला, म्हणजे तुम्ही इंट्रोव्हर्ट, एकट्याने रमणाऱ्या ना, ती स्वभावाचे सोळा टाइप सांगणारी टेस्ट केलीय का, काय आलं? केलीय, एकदा पहिलं अक्षर आय (इंट्रोव्हर्ट) आलं आणि नंतर कधीतरी ई (एक्स्ट्राव्हर्ट, माणसांत रमणारी) आलं, आणि मधल्या काळात माझ्यात काहीएक बदल झाला नव्हता. होतं असं बऱ्याच जणांचं, कारण बहुतेक लोक मधेच कुठेतरी असतात आणि टेस्ट बरोब्बर मधोमध रेघ मारते, त्या दिवशीच्या मूडप्रमाणे एकदोन उत्तरं इकडची तिकडे झाली की टाइपच बदलला. मानसशास्त्रज्ञ कार्ल युंगने 1921 च्या पुस्तकात इंट्रोव्हर्ट-एक्स्ट्राव्हर्ट मांडलं तेव्हा दोन्ही प्रवृत्ती प्रत्येकात असतात असंच त्याचं म्हणणं होतं. पुढे कॅथरीन ब्रिग्ज आणि तिची मुलगी इझाबेल मायर्स यांनी त्यावरून ही टेस्ट केली, दोघीही रीतसर मानसशास्त्र शिकलेल्या नव्हत्या (म्हणून ती वाईट असं नाही, पण लोक जितकी मनावर घेतात तितकी घ्यायची गरज नाही).

आणि लाजाळू? तेही नाही हो. चीक आणि बस या दोन संशोधकांनी 1981 मध्येच दाखवलं होतं की लाजाळूपणा वेगळा आणि माणसांत कमी रमणं वेगळं. लाजाळू माणसाला बऱ्याचदा यायचं असतं पण धीर होत नाही. मला धीर आहे, स्टेजवर उभं करा बोलेन, फक्त नंतर चहापाण्याला थांबवू नका.

माझ्या मते खरा प्रश्न टाइपचा नाहीच, एकटेपणा कुणी ठरवला याचा आहे. 2014 मध्ये ‘सायन्स’ या संशोधनाच्या मासिकात एक अभ्यास आला होता, लोकांना पंधरा मिनिटं रिकाम्या खोलीत नुसतं विचार करत बसवलं, सोबत एक बटण, दाबलं की विजेचा झटका. हा झटका टाळायला आम्ही पैसे देऊ असं जे आधी म्हणाले होते त्यांच्यातल्या 18 पैकी 12 पुरुषांनी आणि 24 पैकी 6 बायकांनी तरी ते दाबलंच! माणसाला एकटं बसवत नाही याचा पुरावा म्हणून हे सगळीकडे फिरतं, पण अहो, फोन काढून घेऊन, वेळ लावून, दुसऱ्याने बसवलंय, त्यात मीसुद्धा कदाचित दाबलं असतं. उलट 2022 चा एक अभ्यास आहे, त्यात एकांत आपणहून, त्याची गोडी म्हणून घेणं याचा संबंध इंट्रोव्हर्ट असण्याशी दिसला नाही, आपल्या मनाप्रमाणे जगायची सवय असण्याशी दिसला. मला हे पटतं. संध्याकाळ मी मोकळी ठेवली तर ती जाते कुठे कळत नाही, आणि तीच संध्याकाळ कुणीतरी ऐनवेळी येत नाही म्हणून मोकळी झाली तर मी दर दोन मिनिटांनी फोन बघते. बाई तीच, घर तेच.

आता माझ्याच विरुद्ध जाणारी एक गोष्ट, लपवण्यात अर्थ नाही. 2013 चं एक संशोधन म्हणतं की लोकांत मिसळून मोकळेपणाने वागलं तर किती मजा येईल याचा इंट्रोव्हर्ट लोकांचा अंदाज प्रत्यक्षापेक्षा कमी निघतो. म्हणजे मी जे ठरवते ठरवते म्हणते ते कधीकधी चुकीच्या हिशोबावर ठरतं. येतो अनुभव, नाइलाजाने जाते आणि तिथे सगळ्यात उशिरापर्यंत गप्पा मारत मीच बसलेली असते. त्यामुळे बोलवत जा, फक्त दोन दिवस आधी सांगा आणि किती जण येणार तेही सांगा, नाही म्हटलं तर एकदा परत विचारा. दोनदा नको.