फिरकीचा तांब्या

‘शाळेने मला काय दिले’ या विषयावर लिहा, असा स्मरणिकेच्या मंडळींचा निरोप आला. विषय मोठा आहे आणि माझ्या आवाक्यातला नाही. मधल्या सुट्टीबद्दल मात्र लिहू शकतो. पहिली ते चौथीतलं मला जे लख्ख आठवतं, ते सगळं एकतर डब्यात होतं, नाहीतर पाण्यात.

मी पहिलीत आलो जून 1972 मध्ये. दुष्काळाचं वर्ष. रेशनवर मायलो नावाची तांबडी ज्वारी मिळायची. घरात भाकरी नेहमीचीच, पण ही लालसर भाकरी चारचौघांत काढायची लाज वाटायची, म्हणून डब्याचं झाकण समोर उभं धरून मी जेवायचो. शेजारचाही झाकण उभं धरूनच जेवतो आणि त्याच्याही डब्यात तीच भाकरी आहे, हे कळायला मला आठवडा लागला.

दुसरीपासून बाईंनी डब्याचा फळा सुरू केला. कोपऱ्यात खडूने वार लिहिलेले. सोमवारी पोळी-भाजी, बुधवारी उसळ, शुक्रवारी फळ, शनिवारी सकाळची शाळा म्हणून गूळ-शेंगदाणे. विकतचं काही आणायचं नाही. बिस्किटंसुद्धा नाहीत. मंगळवार-गुरुवार मोकळे ठेवलेले असत आणि त्या दिवशी निम्म्या वर्गाच्या डब्यात फोडणीची पोळी निघे. आदल्या दिवशी कोणाकडे पोळ्या उरल्या होत्या, याचा हिशोब आम्हाला त्यावरून लागायचा. आमच्या रांगेतल्या एकाची आई त्यात चिमूटभर साखर आणि वरून लिंबू पिळायची. ती चव मला पुन्हा कुठे मिळाली नाही. बायकोला दोनदा सांगून पाहिलं, तिसऱ्यांदा सांगायचं धाडस केलं नाही.

फाटकाबाहेर बोरंवाल्या आजी बसत. चिंचा, आवळे, चन्यामन्या बोरं, मीठ-तिखट लावलेली कैरीची फोड. पाच पैशांत मूठभर. शाळेच्या फाटकापासून 50 मीटरच्या आत जास्त साखर, मीठ आणि चरबीचे पदार्थ मुलांना विकू नयेत, असा नियम सरकारने 2020 साली काढला. आमच्या वेळी नियम नव्हता. मुख्याध्यापिकाबाईंचा आवाज होता, आणि तो 50 मीटरच्या बराच पुढे जायचा. आजी मात्र जागच्या हलल्या नाहीत. कैरीवरचं ते मीठ आजच्या नियमात बसलं असतं का, कोण जाणे.

आता पाणी. अंगणात नळांची रांग होती आणि सगळी शाळा ओंजळीने पाणी प्यायची. खडकवासल्याचं पाणी, पर्वतीच्या जलकेंद्रातून पुण्याच्या पेठांत येणारं. आमच्या आजीला ते कधीच पसंत पडलं नाही. कात्रजच्या तलावातून नानासाहेब पेशव्यांनी नळ घालून आणलेलं हौदाचं पाणी तिला गोड लागायचं. 12 जुलै 1961 ला पानशेतचं धरण फुटलं, त्यापाठोपाठ खडकवासलाही फुटलं आणि शहराचे नळ बंद पडले. तेव्हा लोक पुन्हा विहिरी-हौदांकडे गेले, हे ती विजयी मुद्रेने सांगायची.

तिसरीत असताना वर्गातल्या तिघांना कावीळ झाली. पाणी नक्की कुठलं बाधलं, ते शेवटपर्यंत कळलं नाही. पुढे मी 34 वर्षं पाणी तपासण्याच्या कामात काढली, म्हणून आज सांगू शकतो की असं पाणी प्यायल्यावर कावीळ दिसायला दोन ते सात आठवडे जातात. तोवर ते पाणी नळातून वाहून गेलेलं असतं. मुख्याध्यापिकाबाईंनी मात्र तेव्हा योग्य तेच केलं. सोमवारपासून प्रत्येकाने घरून उकळलेलं पाणी आणायचं. आमच्या आयांनी ते हुकूम म्हणून घेतलं आणि पातेल्यातलं पाणी निम्मं होईपर्यंत उकळलं. खळखळून एक मिनिट उकळलं तरी पुरतं, हे त्यांना सांगायला मी तेव्हा आठ वर्षांचा होतो.

सोमवारी वर्गात निळ्या, लाल, हिरव्या वॉटरबॅगा आल्या. खांद्याला पट्टा, वर पेल्यासारखं झाकण. ज्यांना वॉटरबॅग परवडत नव्हती ते सरबताच्या, औषधाच्या बाटल्या धुऊन घेऊन आले. एकाच्या पाण्याला महिनाभर खोकल्याच्या औषधाचा वास येत होता. आणि मी घेऊन आलो फिरकीचा तांब्या.

ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. पितळेचा, पोट फुगीर, गळ्याला आटे, त्यावर फिरवून घट्ट बसणारं झाकण आणि धरायला कडी. आजीने तो काशीला नेला होता. आतून नुकतीच कल्हई केलेली. वॉटरबॅगसाठी मी दोन दिवस रडलो. ‘ती प्लास्टिकची पिशवी चार महिन्यांत गळेल, हा तुझ्या नातवाला पुरेल,’ असं म्हणून आजीने विषय संपवला. पाणी भरल्यावर त्याचं वजन दप्तराएवढं होई. झाकण उघडताना पितळेवर पितळ घासून असा आवाज येई, की बाई फळ्याकडे पाठ न वळवता माझं नाव घ्यायच्या.

बाईंचा दुसरा नियम होता, तोंड लावायचं नाही. वरून प्यायचं. वॉटरबॅगच्या बारीक तोटीतून वरून पिणं सोपं. रुंद तोंडाच्या तांब्यातून वरून पिऊन दाखवा! पहिले आठ दिवस माझं निम्मं पाणी नाकात, निम्मं सदऱ्यावर. मग युक्ती सापडली. मान फार मागे टाकायची नाही, घसा उघडा ठेवायचा, धार बारीक सोडायची आणि मध्ये गिळायचं नाही. ज्याला हे साधलं त्याला वर्गातल्या कोणाचंही पाणी मोकळं, कारण उष्टं होण्याचा प्रश्न नाही. न सांडता पिऊन दाखवायची परीक्षा आम्हीच घ्यायचो. त्या परीक्षेत मी पहिला आलो. इतर कुठल्या परीक्षेत आल्याचं शाळेच्या दप्तरात सापडणार नाही.

मार्च लागला आणि चित्र फिरलं. वॉटरबॅगांमधलं पाणी दुपारी कोमट व्हायचं आणि त्याला प्लास्टिकचा वास यायचा. माझा तांब्या बाकाखाली शहाबादी फरशीवर असायचा, पाणी गार. मधल्या सुट्टीत माझ्या बाकापाशी रांग लागू लागली. एका घोटाला एक शंकरपाळी, दोन घोटांना पोळीचा लाडू, असा भाव मी ठरवला होता. मी पितळेची थोरवी गायचो ते खोटं होतं. गार फरशी होती, पितळ नव्हे. पितळेतलं तांबं पाण्यात उतरून जंतू मारतं म्हणतात, तेही खरं आहे, पण त्याला बरेच तास लागतात आणि आत कल्हईचा थर असला तर ते तांबं पाण्याला लागणार कुठून? तेव्हाच्या माझ्या गिऱ्हाइकांपैकी कोणी हे वाचत असेल, तर शंकरपाळ्या परत मिळणार नाहीत.

शाळा तपासणीच्या दिवशी तो तांब्या जिन्यावरून सुटला. लाकडी जिना, चौदा पायऱ्या, वर सगळे वर्ग चिडीचूप. प्रत्येक पायरीवर एक टोला. साहेब पाढे विचारत होते ते थांबले. बाई बाहेर आल्या, खाली पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, ‘झाकण उघडलं का?’ नव्हतं उघडलं. थेंब सांडला नव्हता. ‘मग बस जागेवर.’ त्याच्या पोटाला पडलेला पोचा अजून आहे. तांब्याही आहे.

नातवाला तो पुरणार, हे आजीचं भाकीत मात्र चुकलं. नातवाकडे स्टीलची बाटली आहे, तिला स्ट्रॉ, आणि किती वाजेपर्यंत किती प्यायचं याच्या खुणा. बाटली कोणाला द्यायची नाही, कोणाची घ्यायची नाही, असं त्याच्या वर्गात शिकवतात. जानेवारी 2025 मध्ये सिंहगड रस्त्याच्या बाजूला जीबीएसचे, म्हणजे हातपाय लुळे पाडणाऱ्या नसांच्या आजाराचे, रुग्ण सापडू लागले, संशय पाण्यावर आला आणि पुण्यात घरोघरी पुन्हा पातेली चढली, तेव्हा मीही त्याला तेच बजावलं. तरी एकदा गच्चीवर नेऊन त्याला वरून प्यायला शिकवलं. सूनबाईंनी भिजलेला टी-शर्ट पाहिला, काही बोलल्या नाहीत.

गेल्या महिन्यात अमृतमहोत्सवाच्या बैठकीला शाळेत आलो होतो. नळांच्या जागी आता कूलर आहे, तीन तोट्यांचा. खिशात माझी पाणी तपासायची जुनी पेटी होतीच, निवृत्त झालो तरी सुटत नाही. पाण्यात क्लोरीन आहे का ते बघायला आम्ही पूर्वी ओटी नावाच्या रसायनाचे थेंब टाकायचो, पाणी पिवळं व्हायचं. आता डीपीडीची गोळी टाकतात. कोणी बघत नाही असं पाहून परीक्षानळीत पाणी घेतलं, गोळी टाकली, हलवलं. फिकट गुलाबी रंग आला. क्लोरीन लिटरमागे निदान 0.2 मिलिग्रॅम हवं, तेवढं होतं. मग चष्मा खिशात ठेवला, ओंजळ धरली आणि प्यायलो. बाही भिजली.