मूडचा डेटा आणि कोरे दिवस

डेलिओ हे मूड नोंदवायचं ॲप उघडलं की पाच चेहरे समोर येतात. पहिला एकदम खूश, शेवटचा पार खचलेला. एकावर बोट ठेवायचं, खाली झोप, अभ्यास, मैत्रिणी, घर अशी चिन्हं असतात त्यातली लागू पडतील ती निवडायची, वाटलंच तर एक ओळ लिहायची. अर्ध्या मिनिटाचं काम. महिना संपला की ॲप मूडची सरासरी काढून दाखवतं, आणि इथेच माझं डोकं फिरतं. मी पुणे विद्यापीठात स्टॅटिस्टिक्समध्ये एमएस्सी करते. ‘ठीक’ आणि ‘छान’ यांच्यातलं अंतर ‘वाईट’ आणि ‘फार वाईट’ यांच्यातल्या अंतराएवढंच आहे, हे कुणी ठरवलं? हे चेहरे क्रमाने लावलेले आहेत, मोजलेले नाहीत. परीक्षेत कुणी अशी सरासरी बिनधास्त काढून ठेवली तर मार्क जातात.

तरी ॲप फोनमध्ये आहे. रूममेटने टाकून दिलं होतं. ती सायकॉलॉजीची, त्यामुळे आमच्या खोलीत हा वाद कायमचा. तिचं म्हणणं, ‘अगं, आकडे सोड ना, खालची ओळ वाच.’

तिच्या फोनमध्ये ‘हाऊ वी फील’ आहे. येल विद्यापीठाचे मार्क ब्रॅकेट यांच्या कामावर ते उभं आहे आणि फुकट आहे. त्यात चेहरे नाहीत, चार रंग आहेत. अंगात जोर किती आणि वाटतंय बरं की वाईट, या दोन अक्षांवर स्वतःला ठेवायचं. जोर जास्त आणि वाईट वाटतंय, तर लाल; जोर नाही आणि वाईट वाटतंय, तर निळा. पिवळा आणि हिरवा ही चांगली बाजू. हे मला पटलं, कारण दोन अक्ष असले की एका रेषेत न मावणारी गोष्ट दिसते. व्हायव्हाच्या आदल्या रात्री मी लाल असते आणि निकालानंतर निळी. डेलिओत दोन्हीला एकच रडका चेहरा. पण उपाय वेगळे लागतात. लाल असताना श्वास मोजणं कामाला येतं. निळ्यात तोच व्यायाम केला की मी सरळ झोपून जाते आणि उठल्यावर आणखी निळी. तेव्हा चप्पल घालून जयकर लायब्ररीपर्यंत चालत जाणं बरं.

आता श्वासाच्या व्यायामाबद्दल. बऱ्याच ॲपमध्ये व्यायाम संपला की ‘आता कसं वाटतंय?’ असा प्रश्न येतो आणि बहुतेक वेळा उत्तर आधीपेक्षा बरं असतं. पण मी ॲप उघडते कधी? अगदी टोकाला गेल्यावर. टोकाची अवस्था तशीही फार काळ टिकत नाही. नुसती भिंतीकडे बघत बसले असते तरी थोड्या वेळाने मी माझ्या नेहमीच्या जागेकडे सरकलेच असते. फ्रान्सिस गॉल्टन या इंग्रज संशोधकाने १८८६ साली उंच आईबापांच्या मुलांच्या उंचीत हेच दाखवलं होतं: मुलं उंचच, पण सरासरीकडे झुकलेली. म्हणून ‘आधी आणि नंतर’ एवढ्यावर कुठल्याच ॲपचा गुण ठरत नाही. शेजारी तुलनेला दुसरा गट लागतो.

असा दुसरा गट असलेली एक चाचणी रूममेटनेच दाखवली. वोबॉट नावाचं गप्पा मारणारं ॲप, २०१७ चा पेपर. १८ ते २८ वयाचे ७० जण, दोन आठवडे. एका गटाला वोबॉट, दुसऱ्याला विद्यार्थ्यांमधल्या नैराश्यावरचं ई-पुस्तक. नैराश्याचे गुण वोबॉटवाल्यांचे उतरले, पुस्तकवाल्यांचे नाही. चिंतेचे गुण मात्र दोन्ही गटांत उतरले! पुस्तकवाले नसते तर त्याचंही श्रेय ॲपने खिशात घातलं असतं. शिवाय पेपर लिहिणाऱ्यांत वोबॉट काढणाऱ्या ॲलिसन डार्सी स्वतः होत्या, हे ध्यानात ठेवून वाचायचं. आणि ते ॲप ३० जून २०२५ ला बंदही झालं. रात्री त्याच्याशी बोलायची सवय लागलेल्या पोरांनी १ जुलैला काय केलं असेल, हे कुठल्या पेपरात यायचं नाही.

अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजात २०१३ मध्ये वेगळाच प्रकार करून पाहिला. ४८ विद्यार्थी, दहा आठवडे. झोप, हालचाल, आसपासचं बोलणं हे फोन आपला आपण टिपत होता. सत्राच्या सुरुवातीला पोरं बोलकी, हसरी. सबमिशनं आली तसा ताण चढला, झोप आणि गप्पा उतरल्या. आमच्या मजल्यावर हे कळायला सेन्सर लागत नाही. मेसमध्ये बसून न जेवता ताट खोलीत नेणाऱ्या मुली वाढल्या की समजायचं, इंटर्नल जवळ आल्या. तरी त्या पद्धतीची एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. माणसाने बोट लावलं नाही तरी नोंद होत राहते.

कारण माझ्या डेलिओच्या कॅलेंडरमध्ये कोरे दिवस आहेत. संख्याशास्त्रज्ञ डोनाल्ड रुबिन यांनी १९७६ मध्ये हरवलेल्या डेटाची जी मांडणी केली त्यात सर्वांत त्रासदायक प्रकार हाच: नोंद का नाही, याचं कारण त्या न झालेल्या नोंदीतच असतं. दिवस इतका वाईट गेला की चेहरा निवडायचं बळ उरलं नाही. मग सरासरी काय सांगणार? मेझर थिअरी या विषयाच्या आठवड्यात माझी सरासरी चांगली दिसते, कारण वाईट दिवस मोजलेच गेले नाहीत. उलट दिवाळीत अंबाजोगाईला घरी होते तेही दिवस कोरे, कारण करंज्या तळताना फोन कोण बघतो. ॲपला दोन्ही सारखे. सलग नोंदींचा आकडा तुटला म्हणून दोन्हीकडे तोच सूर. हा सलगचा प्रकार मला मनापासून आवडत नाही. मन सांभाळायला घेतलेल्या गोष्टीनेच आणखी एक हजेरीपट काढावा?

मग मी सगळ्या नोंदी सीएसव्हीत, म्हणजे साध्या तक्त्याच्या फाइलीत काढल्या, चेहऱ्यांचा रकाना उडवला आणि प्रत्येक कोऱ्या पट्ट्याच्या आधीच्या ओळी वाचल्या. घरचे कोरे दिवस बाजूला ठेवले तर उरलेल्यांच्या आधी पुन्हा पुन्हा एकच गोष्ट: ‘आईचा फोन आला, उचलला नाही.’ चेहरा त्या दिवशी ‘ठीक’ असायचा. रूममेट जिंकली, काय करणार. आता ठरवून टाकलंय: सलग दोन दिवस मी आईचा फोन टाळला की रूममेटने मला ओढत अनिकेत कॅन्टीनला चहाला न्यायचं, मी कितीही ‘असाइनमेंट आहे’ म्हटलं तरी. आईला एवढं सगळं सांगितल्यावर ती म्हणाली, ‘त्यापेक्षा फोनच उचलत जा गं.’

बाकी फोनमध्ये बंगळुरूचं वायसा हे गप्पा मारणारं ॲप आहे, पेंग्विनवालं. रात्री दोनला ‘मला काहीच येत नाही’ असं लिहिलं की ते त्या वाक्याचा पुरावा मागतं, आणि पुरावा शोधता शोधता येणारी दोन-चार प्रमेयं आठवतात. मात्र खरंच कुणीतरी माणूस हवा असेल तर टेलि-मानसचा १४४१६ हा नंबर आहे. मानसिक आरोग्याची सरकारी सेवा आहे, १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू. फुकट, चोवीस तास, मराठीतही बोलता येतं. आमच्या खोलीच्या दाराला आतून चिकटवलाय, कारण ज्या दिवशी लागेल त्या दिवशी ॲप शोधत बसायला होत नाही. आणि ॲपमध्ये लिहिण्याआधी लिहिलेलं जातं कुठे हे बघा. अमेरिकेत ऑनलाइन समुपदेशन देणाऱ्या बेटरहेल्पने लोकांची मानसिक आरोग्याची माहिती फेसबुक, स्नॅपचॅटला जाहिरातींसाठी दिली म्हणून २०२३ मध्ये ७८ लाख डॉलर मोजले. डेलिओच्या नोंदी फोनातच राहतात, हे ते ठेवण्याचं माझं मोठं कारण.

कोऱ्या दिवसांवर प्रोजेक्ट करू का, असं परवा सरांना विचारलं. त्यांनी आलेख पाहिला, चष्मा काढला आणि म्हणाले, ‘सॅम्पल साइझ एक आहे.’ वर्गातल्या आणखी मुलामुलींनी नोंदी द्यायच्या तर एथिक्स कमिटीची परवानगी लागेल, लेखी संमती लागेल. अर्ज सोमवारी द्यायचाय. त्यात ‘नोंद न केल्यास’ या रकान्यात काय लिहायचं, यावरून खोलीत पुन्हा वाद चालू आहे.