कधीपासनं दुखतंय? ओईटीसाठी केलेला एका काळाचा सराव

ओईटी म्हणजे डॉक्टर-नर्स अशा दवाखान्यातल्या लोकांसाठीची इंग्रजीची परीक्षा. तिच्यात व्याकरणाचा वेगळा पेपर नसतो. ऐकणं, वाचणं, लिहिणं आणि बोलणं असे चार भाग, आणि चारही दवाखान्याच्या भाषेत. ब्रिटनमध्ये नर्स म्हणून नोंदणी करायची तर बहुतेक जणी ही परीक्षा नाहीतर आयएलटीएस देतात. तिथल्या नर्सिंग अँड मिडवाइफरी कौन्सिलला ओईटीत ऐकणं, वाचणं आणि बोलणं यांत किमान 350 गुण लागतात, लिखाणात 300 चालतात. मी जीएनएम म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा केलाय, मिरजेत नोकरी करते. परीक्षेची तयारी करताना सगळ्यात जास्त वेळ गेला तो एका काळावर. प्रेझेंट परफेक्ट कंटिन्युअस, मराठी माध्यमातल्यांसाठी चालू पूर्ण वर्तमानकाळ.

याच काळावर का, ते बोलण्याच्या भागावरून कळेल. त्यात दोन रोल-प्ले असतात. हातात कार्ड मिळतं, तयारीला तीन मिनिटं, मग साधारण पाच मिनिटं संवाद. समोरची व्यक्ती पेशंट किंवा नातेवाईक होते, आपण नर्स. गुण ती देत नाही, रेकॉर्डिंग ऐकून दुसरेच देतात. आता नर्स पेशंटला पहिल्यांदा काय विचारते? आमच्या वॉर्डात तरी ठरलेलं आहे. "काय होतंय?" आणि लगेच "कधीपासनं होतंय?" दुसरा प्रश्न इंग्रजीत विचारायला गेलं की या काळावाचून सुटका नाही. "हाउ लाँग हॅव यू बीन हॅविंग धिस पेन?" गोळ्यांचं विचारायचं, तरी तेच. "हॅव यू बीन टेकिंग युअर टॅब्लेट्स रेग्युलरली?" झोप, भूक, चक्कर, खोकला, काहीही घ्या.

शाळेत हा काळ तक्त्यात होता. हॅव किंवा हॅज, मग बीन, मग आयएनजी लावलेलं क्रियापद. शिवाय एक ओळ, जी दहावी झालेल्या कुणालाही झोपेतून उठवून विचारा: या काळाचा पॅसिव्ह करत नाहीत. स्वाध्याय ठरलेले, रिकाम्या जागी 'सिन्स' की 'फॉर'. सोमवार, सकाळ, 2015 असा सुरुवातीचा क्षण दिला असेल तर 'सिन्स'. दोन तास, चार दिवस, दहा वर्षं अशी मुदत असेल तर 'फॉर'. हे यायला पाहिजेच. पण त्या स्वाध्यायात काळ कुठला वापरायचा ते पुस्तकानेच ठरवून टाकलेलं असतं, आपण फक्त एक शब्द भरतो. पेशंटसमोर उभं राहिल्यावर ठरवायचं आपल्याला असतं, आणि तेही बोलता बोलता. असल्या रिकाम्या जागा शेकड्याने भरून बोलणं सुधारतं, यावर माझा तरी विश्वास नाही.

आपली खरी अडचण मराठीतूनच येते. "चार दिवसांपासून पोट दुखतंय" यातलं 'दुखतंय' म्हणजे नुसता चालू वर्तमानकाळ. दुखणं मागे कधीतरी सुरू झालं हे 'पासून' सांगतं, क्रियापदाला त्याचं काही पडलेलं नसतं. इंग्रजीत ते काम क्रियापदालाच करावं लागतं. म्हणून "आय ॲम हॅविंग पेन सिन्स फोर डेज" हे वाक्य आपल्या तोंडून इतक्या सहज येतं. त्यातलं 'सिन्स'सुद्धा 'पासून'नेच आणलेलं, कारण आपलं 'पासून' सोमवारलाही लागतं आणि चार दिवसांनाही. इथे हे वाक्य सगळ्यांना समजतं, डॉक्टरही असंच बोलतात, त्यामुळे कुणी कधी टोकलेलं नसतं.

आमच्या ऑनलाइन क्लासच्या मॅडम केरळच्या. त्यांना मराठी येत नाही, हे बरंच झालं. त्यांनी सरावाचं पुस्तक बाजूला ठेवायला लावलं आणि सांगितलं, तुझ्या वॉर्डात रोज जे ऐकतेस तेच लिही, नाव-गाव सोडून. मग ड्यूटीवरून आले की चहा घेता घेता त्या दिवशीच्या तक्रारी वहीत उतरवायच्या, पेशंट जसं बोलले तशाच. त्याखाली इंग्रजी, पत्रात लिहिल्यासारखं. कारण लिखाणाच्या भागात 180 ते 200 शब्दांचं पत्रच लिहायचं असतं. पेशंटला दुसरीकडे पाठवताना किंवा घरी सोडताना देतात तसं.

वहीतली पहिली पानं अशी आहेत. "चार-पाच दिवस झालं, चालताना दम लागतोय." खाली, "ही हॅज बीन गेटिंग ब्रेथलेस ऑन वॉकिंग फॉर द पास्ट फोर ऑर फाइव्ह डेज." पुढची आजी, "दिवाळीपासनं गोळ्या चालू हायत." "शी हॅज बीन टेकिंग धीज टॅब्लेट्स सिन्स दिवाली." मॅडमनी दिवाळी खोडली आणि ऑक्टोबर लिहिलं. काळ बरोबर आहे, पण पत्र वाचणाऱ्या नर्सला दिवाळी कधी असते ते माहीत नसेल. आमच्याकडे उत्तर कर्नाटकातले पेशंटही बरेच येतात. त्यांचं कानडी नातेवाइकांच्या तोंडून मराठीत यायचं आणि रात्री माझ्या वहीत इंग्रजीत जायचं.

खरी गंमत पुढे सुरू झाली. "दहा वर्षांपासून शुगर आहे" हे वाक्य रोजचंच. आत्तापर्यंतच्या सवयीने "शी हॅज बीन हॅविंग डायबेटिस" असं यायला हवं ना? तर नाही. "शी हॅज हॅड डायबेटिस फॉर टेन इयर्स." 'नो', 'बिलाँग', 'ओन' ही क्रियापदं कृती दाखवत नाहीत, स्थिती दाखवतात, आणि त्यांना आयएनजी लागत नाही हे पुस्तकात असतं. आजार असणं हीसुद्धा स्थितीच. पण त्याच आठवड्यात दुसऱ्या पेशंटची डोकेदुखी आली आणि मॅडम म्हणाल्या, इथे "शी हॅज बीन हॅविंग हेडेक्स" अगदी योग्य आहे. क्रियापद तेच, मग असं का? मधुमेह एकदा जडला की असतो, रात्रंदिवस. डोकं दुखतं, थांबतं, परत दुखतं. झटक्याझटक्याने येणारा त्रास असेल तर तिथे 'हॅविंग' बसतं. दुखण्याच्या बाबतीत दोन्ही चालतं, "हाउ लाँग हॅव यू हॅड धिस पेन" असंही लोक सर्रास विचारतात. त्या दिवशी मी वॉर्डातले आजार डोक्यात दोन बाजूंना लावत बसले. बीपी, दमा, संधिवात एकीकडे, तर फिट, उलट्या, चक्कर, धडधड दुसरीकडे. दम्याशी थोडा वेळ घुटमळले, मग सोडवलं: दमा आहे ही स्थिती, दम्याचे ॲटॅक येतात ते दुसऱ्या बाजूला.

आकड्याचं प्रकरण वेगळं. "आजी महिन्यात तीनदा पडल्या." इथे "शी हॅज बीन फॉलिंग थ्री टाइम्स" बसत नाही. किती वेळा झालं ते मोजून सांगायचं असेल तर साधा परफेक्ट, म्हणजे आयएनजी नसलेला, "शी हॅज फॉलन थ्री टाइम्स धिस मंथ." मोजायचं नसेल, हल्ली सारख्या पडतायत एवढंच सांगायचं असेल तर "शी हॅज बीन फॉलिंग अ लॉट रीसेंटली." हा फरक मला व्याकरणापेक्षा कामाचा वाटतो. हँडओव्हर घेताना "पेशंट उलट्या करतोय" आणि "पेशंटला सकाळपासून सहा उलट्या झाल्या" यात पुढच्या शिफ्टच्या सिस्टरला कुठलं वाक्य उपयोगी पडतं ते सांगायला नको. पत्रात मी आधी चालू काळाने त्रास सांगायचा आणि लगेच साध्या परफेक्टने आकडा द्यायचा, असंच ठरवून टाकलं.

सिगारेट आणि दारूच्या प्रश्नांनी अजून एक गाठ सुटली. "ही हॅज बीन स्मोकिंग फॉर ट्वेंटी इयर्स" लिहिलं की वाचणारा धरून चालतो, माणूस अजून ओढतो. पाच वर्षांपूर्वी सोडली असेल तर सरळ भूतकाळ, "ही स्मोक्ड फॉर ट्वेंटी इयर्स." वीस वर्षं दोन्हीकडे तीच, पण ऑपरेशनच्या आधी भूल देणाऱ्या डॉक्टरला दोन वेगळे पेशंट दिसतील. दारूचं तर भलतंच. या काळाचा दुसरा उपयोग असा की कृती आत्ताच संपलेली असते आणि तिची खूण समोर दिसत असते. डोळे लाल दिसले की "हॅव यू बीन क्रायिंग?", रस्ता ओला दिसला की "इट हॅज बीन रेनिंग." आता हाच साचा वापरून पेशंटला "हॅव यू बीन ड्रिंकिंग?" विचारलं तर त्याला वाटेल, तोंडाचा वास आल्यामुळे सिस्टर संशय घेतायत. सवयीबद्दल विचारायचं तर साधा वर्तमानकाळ पुरतो, "डू यू ड्रिंक ॲल्कोहोल?" आपल्याकडेही "दारू घेता का?" आणि "दारू घेऊन आलाय का?" यात भांडण होण्याइतका फरक आहेच की. 'सिन्स व्हेन'ही असंच. 'कधीपासून'चं शब्दशः रूप म्हणून ते लगेच सुचतं, पण इंग्रजीत त्याला बऱ्याचदा "हे कधीपासून सुरू केलंस?" असा जाब विचारल्याचा सूर येतो. पेशंटला 'हाउ लाँग'च बरं.

ऐकण्याचा सराव मी उशिरा घेतला आणि तो कंटाळवाणा होता, त्यामुळे थोडक्यात. पहिल्या भागात दोन कन्सल्टेशन्स ऐकून 24 जागा भरायच्या असतात. बोलणारे 'आय हॅव बीन' असं सुटंसुटं म्हणतच नाहीत. 'आयव्ह बिन' म्हणतात, तेही इतकं पटकन की 'व्ह' गिळलेला असतो. 'शीज बिन' ऐकलं की 'ज' म्हणजे 'इज' वाटतो, असतो तो 'हॅज'. आणि 'बीन' व 'बीइंग' वेगळे ऐकू यायला हवेत. "शीज बीन ट्रीटेड" म्हणजे उपचार झाले, "शीज बीइंग ट्रीटेड" म्हणजे चालू आहेत. मी एकच ऑडिओ लावायचे, थांबवायचे आणि त्याच वेगाने मागोमाग म्हणायचे. रूममेट वैतागायची.

बोलण्याला मात्र जोडीदार लागतोच. माझी एक मैत्रीण आयसीयूला आहे, तीही याच परीक्षेच्या तयारीत. आम्ही आळीपाळीने पेशंट व्हायचो. ती नग पेशंट. "हाउ लाँग हॅव यू बीन फीलिंग लाइक धिस?" विचारलं की मुद्दाम "ओ सिस्टर, लय दिस झालं" या चालीवर "ओह, अ लाँग टाइम" म्हणून गप्प बसायची. मग खोदून विचारावं लागायचं. दिवस की आठवडे? एकसारखं की मधूनमधून? वाढतंय की कमी होतंय? "हॅज इट बीन गेटिंग वर्स?" पेशंटकडून माहिती कशी काढता यालाही गुण असतात, भाषेच्या गुणांपेक्षा वेगळे. उत्तर आपणच सुचवणारे प्रश्न टाळायचे, एका दमात दोन प्रश्न विचारायचे नाहीत, सुरुवात मोकळ्या प्रश्नाने करायची. "हाउ हॅव यू बीन सिन्स युअर ऑपरेशन?" किंवा "हाउ हॅव थिंग्ज बीन गोइंग ॲट होम?" असं विचारलं की पेशंट स्वतःच बोलू लागतो. पहिल्यात 'बीन'पुढे आयएनजी नाही हे तिने पकडलं होतं. 'बी' स्वतःच मुख्य क्रियापद आहे, 'बीन बीइंग' असं इथे कुणी म्हणत नाही, यावर अर्धा तास वाद झाला आणि मॅडमना मेसेज करून मिटवला.

वॉर्डात पेशंटशी मराठीतच बोलायचे, पण सलाईन लावताना किंवा बीपी घेताना प्रश्न मनातल्या मनात इंग्रजीत फिरवायची सवय लागली. त्याचा गुण लिखाणापेक्षा बोलण्यात दिसला. वाक्य जुळवायला थांबायची गरज कमी झाली. मोबाइलवर स्वतःचं रेकॉर्डिंग ऐकताना सुरुवातीला 'हाउ लाँग' आणि 'हॅव यू' यांच्या मध्ये श्वास घेण्याइतकी फट असायची, ती हळूहळू बुजली. सगळे शब्द मिळून एकच वस्तू असल्यासारखे यायला लागले, तेव्हा मी तो प्रश्न वहीतून काढून टाकला.

परीक्षेच्या कार्डावर काय होतं ते बाहेर सांगायचं नसतं. एवढंच सांगते की हा काळ दोन्ही रोल-प्लेमध्ये लागला, आणि एकदा पेशंट झालेल्या बाईंनी "फॉर एजेस" असं उत्तर दिलं तेव्हा मैत्रिणीची आठवण होऊन हसू दाबावं लागलं. बोलण्यात आणि ऐकण्यात हवे होते त्यापेक्षा थोडे जास्त गुण मिळाले, वाचनात जेमतेम, लिखाणात निवांत. आता नोंदणीसाठीच्या पुढच्या दोन परीक्षा: संगणकावरची सीबीटी आणि त्यानंतर प्रात्यक्षिकाची ऑस्की. ऑस्कीची दहा स्टेशनं असतात आणि त्यात पेशंटची माहिती घेण्याचंही एक असतं. मैत्रिणीची ओईटीची तारीख अजून यायचीय. सध्या रविवारी ती नर्स आणि मी पेशंट, आणि "हॅव यू बीन टेकिंग युअर टॅब्लेट्स?" विचारलं की मी "कुठल्या? पांढऱ्या की गुलाबी?" असं इंग्रजीत विचारून तिला छळते.