स्केअर्स, स्कॅन्ट, स्पार्स, मीगर: चौघेही लीच

झालं, ‘कमी’ या अर्थाच्या चार इंग्रजी शब्दांची पूर्ण चौकडी अँकीत (वाढत्या अंतराने उजळणी करून घेणारं कार्डांचं अ‍ॅप) लीचमध्ये, म्हणजे पुन्हापुन्हा चुकणाऱ्या कार्डांत गेली. मर्यादा डीफॉल्टच आहे, ८ लॅप्सची, म्हणजे शिकलेलं कार्ड ८ वेळा विसरण्याची. बाकी डेक (कार्डांचा गठ्ठा) ठणठणीत: एफएसआरएसचं (उजळणीची अंतरं ठरवणारं अल्गोरिदम) रिटेन्शन, म्हणजे आठवण्याचं प्रमाण, ९० टक्क्यांवर, रोजचे नवे शब्द २० वरून ८ वर आणल्यापासून रिव्ह्यू तुंबत नाहीत, आणि रिलेंट-रिलिंक्विश या दिसायला सारख्या शब्दांचं भांडण एकदाचं मिटलं. त्यामुळे आज फक्त या चौघांविषयी.

दोष कार्डांचाच. वाक्य होतं ‘फूड वॉज ____ दॅट विंटर’. यात स्केअर्स बसतो, मीगर चालून जातो, आणि ‘स्पार्स का नाही?’ याचं उत्तर कार्ड देत नाही. मागे मराठी अर्थ चारही ठिकाणी ‘कमी, अपुरा’. फुकटच्या इंग्रजी-मराठी अ‍ॅपमधून अर्थ उचलले की हेच पदरी पडतं. वर चौघांना एकाच दिवशी डेकमध्ये घेतलेलं. अर्थाने जवळचे शब्द एकत्र पाठ केले तर वेळ जास्त लागतो, हे टिंकहॅम या अभ्यासकाने १९९३ मध्ये आणि वेअरिंग या अभ्यासकाने १९९७ मध्ये दाखवलंय. तरी समानार्थी शब्दांच्या याद्या जशाच्या तशा टाकायचा मोह सुटत नाही.

पहिलं अक्षर दाखवायचा नेहमीचा उपाय इथे कुचकामी. तिघांचं ‘एस’, त्यातल्या दोघांचं पुढचं ‘सी’सुद्धा.

मग तिघांना सस्पेंड केलं (उजळणीतून तात्पुरतं बाजूला काढलं), स्केअर्सचं कार्ड नव्याने लिहून रीसेट केलं. चालू शब्द मॅच्युअर झाला, म्हणजे इंटरव्हल (दोन उजळण्यांतलं अंतर) २१ दिवसांवर गेला, की पुढचा सोडायचा. मराठी अर्थाऐवजी जोडी लिहिली: स्केअर्सला ‘पाण्याची टंचाई’, स्पार्सला ‘विरळ वस्ती’, मीगरला ‘तुटपुंजा पगार’. भेद आपल्याकडे तयारच होते. स्कॅन्टने मात्र छळलं. ‘जेमतेम’ म्हणावं तर त्यात काठावर का होईना भागल्याची छटा येते, स्कॅन्टमध्ये भागलेलं नसतं. शेवटी मराठी काढून नुसती नामं ठेवली: अटेन्शन, रिगार्ड, एव्हिडन्स.

इथे कोबिल्ड या इंग्रजी शब्दकोशाला तोड नाही. व्याख्याच पूर्ण वाक्यात असते, त्यामुळे शब्द कशाला चिकटतो ते लगेच दिसतं. लाँगमन शब्दकोशाची व्याख्या सुमारे २००० शब्दांच्या आत बसवलेली, म्हणून कार्डावर उतरवायला तीच बरी. स्केअर्स बहुधा क्रियापदानंतर आणि स्कॅन्ट नामाआधी, हेही कार्डावर लिहा.

पुढची पायरी: वाक्याचा चेहरा पाहून उत्तर येऊ नये म्हणून प्रत्येक नोटला (ज्या नोंदीवरून कार्ड बनतं ती) तीन वाक्यांची फील्ड, म्हणजे रकाने. टेम्प्लेटमधली (कार्डाचा साचा) छोटी स्क्रिप्ट तारखेला ३ ने भागते आणि बाकीनुसार एकच वाक्य दाखवते. रँडम वापरू नका. मागची बाजू उघडताना स्क्रिप्ट पुन्हा चालते आणि भलतंच वाक्य समोर येतं. टाइप करून उत्तर देणारे असाल तर तिन्ही वाक्यांत शब्दाचं रूप एकच ठेवा. फील्डमध्ये ‘रिलिंक्विश’ आणि वाक्याला हवं ‘रिलिंक्विश्ड’, तर बरोबर उत्तरही लाल दिसतं.

आणि आठवलं नाही तर ‘अगेन’च दाबा. ‘हार्ड’ला एफएसआरएस आठवलंच असं समजतं आणि अंतरं फुगतात.

स्केअर्स मॅच्युअर झाला, स्पार्सही मार्गी लागलाय. स्कॅन्टची वाक्यं लिहिताना मात्र वेगळंच सुचलं: विशेषण दाखवून नामच का गाळू नये? ‘दे पेड स्कॅन्ट ____ टू द वॉर्निंग.’ अटेन्शन आलं तर पास, हीड आलं तरी पास. तेव्हा तिसरं वाक्य आता या धाटणीचं, आणि मीगरला सध्या हात लावत नाही. टाइप करायचं फील्ड मात्र या नोटांपुरतं काढावं लागेल, कारण ते एकच उत्तर धरतं.