आमची वाटचाल : पांढऱ्या कांड्यांचा धंदा

2009 ला अंबरनाथ एमआयडीसीत भाड्याचा गाळा घेतला तेव्हा एक भट्टी, एक जुना एक्स्ट्रूडर (कांड्या पाडायचं मशीन), मी आणि मावसभाऊ, एवढाच पसारा. काय बनवता विचारलं की सांगायचो पांढऱ्या कांड्या, की लगेच पुढचा प्रश्न, खडूचा कारखाना का? खरं तर गॅमा ॲल्युमिना, म्हणजे ॲल्युमिनियम ऑक्साइडचा बारीक छिद्रांचा प्रकार, ज्याच्यावर कॅटलिस्टवाले (रासायनिक क्रियेला वेग देणारे पदार्थ बनवणारे) प्लॅटिनम चढवतात.

बोहेमाइटची (ॲल्युमिनियमच्या एका खनिजाची) पावडर नायट्रिक ॲसिडच्या पाण्यात कणकेसारखी मळायची, सोऱ्यातून शेव काढतात तसं काढायचं, वाळवून 550 डिग्रीला भाजायचं. एका ग्रॅममध्ये 200 चौरस मीटर पृष्ठभाग मिळतो, म्हणजे कबड्डीची दीड मैदानं बघा! एका रात्री भट्टीचं तापमान मोजणाऱ्या थर्मोकपलने दगा दिला, भट्टी जास्त तापली, सकाळी माल तसाच पांढराशुभ्र, पण पृष्ठभाग निम्मा. सगळा फेकला.

खरा दणका बसला तो एका कस्टमरच्या फोनने, तुमच्या मालात आमचं प्लॅटिनम आत जातच नाही म्हणे. त्याने पाठवलेली कांडी ब्लेडने कापली तर कडेला प्लॅटिनमची करडी रिंग आणि आत कोरी पांढरी. आम्हाला वाटलं छिद्रं बारीक पडतायत, दोन महिने स्टार्च घालून छिद्रं मोठी करत बसलो, रिंग काही हटेना. शेवटी ओळखीचे एक रिटायर्ड सर म्हणाले, अरे भोकं कसली मोजतोस, चार्ज बघ.

ॲल्युमिनाच्या अंगावर ओएच ग्रुप (ऑक्सिजन-हायड्रोजनच्या जोड्या) असतात, द्रावणाचा पीएच साधारण 8 च्या खाली गेला की ते प्रोटॉन (हायड्रोजनचा पॉझिटिव्ह कण) घेऊन पॉझिटिव्ह होतात, आणि प्लॅटिनम चढवायला वापरतात त्या क्लोरोप्लॅटिनिक ॲसिडमधलं प्लॅटिनम निगेटिव्ह, त्यामुळे ते विरार लोकलमधल्या माणसांसारखं दारातच चिकटून उभं राहतं, आत कोण जातंय! मग त्या द्रावणात थोडं सायट्रिक ॲसिड घातलं, त्याने दाराच्या जागा अडवल्या आणि प्लॅटिनम आत सरकलं. कस्टमर खूश, वर आम्हालाच ऐकवलं, हे आधी नाही का सांगायचं?

कांडी सिलिकाची (वाळूत असते तीच) असेल तर बरोब्बर उलट. तिथे चार्ज 2 पीएचच्या आसपासच पलटतो, त्याच्या वर सिलिका निगेटिव्ह, त्यामुळे तेच द्रावण वापरलं तर प्लॅटिनम धरतच नाही, पाण्याने धुतलं की निघून जातं. तिथे प्लॅटिनमचं अमोनियावालं सॉल्ट लागतं, ज्यातलं प्लॅटिनम पॉझिटिव्ह असतं, तेही अल्कलाइन पाण्यात.

आता ऑर्डर आली की आम्हीच आधी विचारतो, मेटल कुठल्या सॉल्टने चढवणार? परचेसवाले वैतागतात, म्हणतात, साहेब तुम्ही फक्त रेट सांगा.