सिएटलचं जुनं गाव: आधी अल्काय, मग पायोनिअर स्क्वेअर

सिएटलला येणारी आपली मंडळी स्पेस नीडल आणि पाइक प्लेस मार्केट उरकून मोकळी होतात. जुनं गाव बघायचं तर ते ज्या क्रमाने वसलं त्याच क्रमाने हिंडावं.

पियर 50 या धक्क्यावरून वॉटर टॅक्सीने (प्रवासी बोटीने) पलीकडे वेस्ट सिएटलला उतरलो, तिथून शटलने अल्कायचा किनारा. 13 नोव्हेंबर 1851 ला सिएटल वसवणारी डेनी मंडळी बायकापोरांसह भर पावसात इथे उतरली. वारा असा झोंबतो (उन्हाळ्यातही जाकीट हवंच) की त्यांनी 1852 मध्येच बिऱ्हाड का हलवलं हे सांगावं लागत नाही. पलीकडच्या, म्हणजे आजच्या पायोनिअर स्क्वेअरच्या किनाऱ्याला पाणी खोल, जहाजं लागायला सोपं. तिथे हेन्री येस्लरने वाफेवरची लाकूड कापायची गिरणी टाकली आणि गावाचं पोट भरू लागलं.

परत पियर 50 ला आलात की पायोनिअर स्क्वेअर चालत काही मिनिटांवर. येस्लर वेवर उभं राहून दोन्ही बाजूंचे रस्ते बघा, सरळ जुळतच नाहीत. डेनी आणि बोरेन या पहिल्या वसाहतवाल्यांनी आपल्या जमिनीवरचे रस्ते किनाऱ्याला धरून आखले, शेजारच्या जमिनीच्या डॉक मेनार्डने होकायंत्रावरच्या उत्तर-दक्षिणेला धरून. कोणीच माघार घेतली नाही. गाड्या आजही तिथे वळसा घेतात.

6 जून 1889 ला सुताराच्या दुकानातल्या सरसाच्या भांड्यावरून आग लागली आणि लाकडी बाजारपेठ राख झाली. नवं बांधकाम विटांचं झालं, रस्ते मजलाभर उचलले. पण फुटपाथ खालीच राहिले, त्यामुळे काही काळ लोक रस्ता ओलांडायला शिडी चढत-उतरत. पुढे वर नवे फुटपाथ झाले आणि खालचा मजला गाडला गेला; तोच ‘अंडरग्राउंड टूर’मध्ये दाखवतात. गाइडचे विनोद जरा जास्तच, पण फुटपाथमध्ये बसवलेल्या जाड काचा खालून बघण्यासाठी तरी जा: मॅंगनीजमुळे उन्हाने जांभळ्या पडलेल्या, वरून जाणाऱ्यांच्या पावलांच्या सावल्या दिसतात. जिने आणि खाचखळगे आहेत; गुडघेदुखीवाल्या आई-बाबांना नेऊ नका. तिकीट आधी काढा.

त्यांना घेऊन क्लोंडाइक गोल्ड रशच्या (कॅनडातल्या क्लोंडाइककडे सोन्यासाठी लागलेल्या रांगेच्या) संग्रहालयात बसा. प्रवेश फुकट, स्वच्छतागृह चांगलं. 17 जुलै 1897 ला ‘पोर्टलंड’ जहाज सोनं घेऊन आलं आणि झुंबड उडाली. कॅनडा वर्षभराच्या शिध्याशिवाय आत सोडेना, म्हणून प्रत्येकाला जवळपास टनभर सामान घ्यावं लागे. सोनं थोड्यांनाच मिळालं. पीठ, बूट, तंबू विकणारे सिएटलचे दुकानदार मात्र गब्बर झाले. 1890 ला 42,837 असलेली वस्ती 1910 ला 2,37,194 झाली.

गाडी नेऊ नका, लाइट रेलचं स्टेशन तिथेच आहे. नेलीच तर सीटवर बॅग ठेवू नका. अंधार पडायच्या आत निघा.

वेळ उरला तर इथल्या मूळ रहिवासी डुवामिश जमातीच्या लाँगहाउसला (त्यांच्या सभागृहाला) नक्की जा. शहराला त्यांच्या प्रमुखाचं नाव दिलं आणि 1865 मध्ये त्याच गावाने ठराव करून मूळ रहिवाशांना गावात राहायला बंदी घातली; गोऱ्या मालकाकडे कामाला असाल तरच मुभा. टूरमध्ये यावर फार वेळ जात नाही, तिथे जातो. उघडण्याच्या वेळा बघूनच निघा.